शिकलेले मुलांच्या लक्षात कसे राहते? पालक-शिक्षकांचे अनुभव

मुलांनी शिकलेले टिकावे म्हणून आपण घरी वा वर्गात नेमके काय करता, ते येथे लिहावे. ‘भरपूर अभ्यास करून घेतो’ एवढेच लिहू नये, ही विनंती.

शिक्षिका, बीड जिल्हा
वर्गातील बरीच मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातात आणि परतल्यावर हातच्याची वजाबाकी, जोडाक्षरे सारे विसरलेली असतात, असे म्हटले जाते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सगळे पहिल्यापासून न शिकवता रोज चार जुनी उदाहरणे पुस्तक न उघडता सोडवायला दिली की बरेचसे परत येते आणि उरलेलेच शिकवावे लागते. विसरलेले पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच, स्वतःवर प्रयोग करून, मोजून दाखवले होते.

पालक, लातूर
आमच्या शहरात शिकवण्यांना तोटा नाही. तोटा आहे तो मुलांना एकट्याने आठवत बसायला मिळणाऱ्या वेळाचा. आठवीतली मुलगी धडा वाचून झाला की पुस्तक मिटते, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिते, पुस्तकाशी ताडून पाहते आणि तोच धडा दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने असाच लिहून काढते. सुरुवातीला ती चिडत असे, कारण वाचताना सगळे येते असे वाटायचे आणि कागद मात्र अर्धा रिकामा राहायचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. तेव्हा परीक्षा उद्यावर आली असताना या पद्धतीची पारख करू नये.

आजोबा, परभणी
पाठांतराला नावे ठेवण्याची हल्ली पद्धतच पडली आहे. आम्ही मात्र दिवेलागणीला पावकी, निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) म्हणूनच हिशेब शिकलो. अडचण एवढीच, की नातू पाढे ओळीने घडाघडा म्हणतो, पण ‘सतरा साते?’ विचारले की सतरा एकेपासून सुरुवात करतो. म्हणून आता पाढे उलटसुलट विचारतो आणि मोंढ्यातून (धान्यबाजारातून) आलेली सोयाबीनची हिशेबपट्टी त्याच्याकडूनच तपासून घेतो.

पालक, धाराशिव
मुलगा इतिहासातल्या सनावळ्यांची सरमिसळ करीत असे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला असताना आपण मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन का करतो, हे त्याला शोधायला लावले. मराठवाडा ज्यात होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान, १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली भारतीय सैन्याची कारवाई आणि १७ तारखेची निजामाची शरणागती हा क्रम कारणांसह समजल्यावर त्या तारखा त्याला वेगळ्या पाठ कराव्या लागल्या नाहीत. भूगोलाचे मात्र अजून जमलेले नाही. कोणी काही केले असल्यास जरूर लिहावे.