पडली रंकाळ्यावर, बोंब लेस्टरपर्यंत

विषय: व्हेप पडली, कुणाला यातलं कळतं का?
प्रेषक: बंड्या (सध्या मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर)
मंगळवार, रात्री ११.४०, इकडची

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या लिस्टवरची मंडळी, नमस्कार.

भाचीच्या लग्नाला घरी आलोय हे सगळ्यांना ठाऊक आहे, गणपतीपासून मी तेच सांगत फिरत होतो. आज संध्याकाळी जुनी गँग रंकाळ्यावर भेटली. भेळ झाली, गप्पा झाल्या, आणि खिशातनं मोबाईल काढताना व्हेप, म्हणजे माझी ई-सिगारेट, निसटली. पायरी काळ्या दगडाची. पहिलीवर टप्पा, दुसरीवर आपट, तिसरीवर मुक्काम. पोरं ओरडली, "जाळ अन् धूर संगटच!" आणि तेव्हापासून ना जाळ, ना धूर.

वस्तू अशी आहे: बाजूला बटण, छोटा पडदा, आत एक १८६५० सेल, म्हणजे चार्ज होणारी लिथियमची बॅटरी, वर निकोटिनच्या रसाची काचेची टाकी, आणि तिच्यात रस तापवून वाफ करणारी तार, म्हणजे कॉइल. १ जून २०२५ पासून तिकडं एकदा वापरून फेकायच्या व्हेप बंद झाल्या, तेव्हा ही भरून वापरायची घेतली होती. आता पडद्यावर कधी 'चेक ॲटमायझर' येतं. कधी कॉइलचा रोध ०.८ ओहम दाखवते, मध्येच ०.३. टाकीच्या कडेनं रस पाझरतोय आणि बॅग आतनं चिकट झालीय. हातात थोडी कोमट लागतीय, पण इतका वेळ खिशात होती म्हणून असेल.

आप्पा, तुम्ही बघा की जरा. पाच वेळा बटण दाबून बंद-चालू करून झालंय.

आणि हे आईला माहीत नाही. मावशी, तूही या लिस्टवर आहेस. प्लीज, फॉरवर्ड करू नकोस.

बंड्या

*

उत्तर: व्हेप पडली
प्रेषक: पिंट्या

भावा, एवढं काय त्यात. टाकी फिरवून काढ, खालची टिकली पॉलिशपेपरनं घास, सेल तासभर फ्रीजमध्ये ठेव, मग फुल चार्ज कर. चालू नाही झाली तर राजारामपुरीत एखाद्या पानपट्टीवर कॉइल मिळतेय का विचार. कोल्हापुरात मिळत नाही असं काही नसतंय. नाद खुळा!

*

उत्तर: व्हेप पडली (आधी हे वाच)
प्रेषक: आप्पा, कॉव्हेंट्री

बंड्या, वाचन थांबव आणि सेल बाहेर काढ. मग पुढचं वाच. मात्र आत्ता ती चटका बसण्याइतकी तापली असेल, फुगली असेल किंवा चमत्कारिक गोडसर वास येत असेल, तर हात लावू नको. मोकळ्या जागी एकटी राहू दे आणि सगळ्यांना लांब ठेव.

काढलास? आता ऐक. तू पाझर, ओहम, पडदा सगळं ऐसपैस लिहिलंस आणि जे पहिल्या ओळीत यायला हवं ते शेवटी लाजत लाजत लिहिलंस: 'थोडी कोमट लागतीय.' खिशाची ऊब पाच-दहा मिनिटांत जाते. बंद पडलेली वस्तू रात्री पावणेबाराला कोमट असेल तर आत कुठंतरी करंट वाहतोय. उद्यमनगरात मी उमेदवारी केली तेव्हा वस्ताद सांगायचे, मशीन का चालत नाही हे मागनं बघू, आधी मेन स्विच पाड. इथं मेन स्विच म्हणजे तो सेल.

पडद्यावर जे चाललंय ते कॉइलचं भांडण. टाकी ज्या आट्यांवर बसते त्या जोडाला ५१० म्हणतात. अर्ध्या मिलिमीटर अंतराचे दहा आटे, म्हणून ते नाव. मधोमध एक पिन असते, तिला स्प्रिंगचा किंवा रबराचा आधार. आपटल्यावर पिन आत दबते, तिरकी होते, नाहीतर कॉइलच आपल्या आट्यातून सैल होते. स्पर्श सुटला की 'चेक ॲटमायझर'. हे तसं गरीब दुखणं आहे. टाकी काढायची, पिन आणि आटे स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे, कॉइल नीट आवळायची, नाहीतर नवी बसवायची. पॉलिशपेपर नको. पिनेवरचा मुलामा जातो आणि मग रोजचीच कटकट.

०.८ चे मध्येच ०.३ होतात ते मात्र मला आवडलं नाही. कॉइलचा पाय कुठंतरी धातूला टेकतोय. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. ०.८ वर सरळ जोडला तर सव्वापाच अँपिअर, ०.३ वर चौदा. मध्ये चिप असते, ती अडवते, हे मला मान्य. पण चिपही त्याच पायरीवर आपटलीय.

बटण अर्धवट अडकलंय का तेही बघ. पडल्यावर बटण आत रुतलं तर खिशात असतानाच कॉइल तापत राहते. बऱ्याच यंत्रांत काही सेकंदांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, पण तिच्या भरवशावर झोपू नये.

आता सेलकडं ये. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. वरची टिकली पॉझिटिव्ह. बाकीची सगळी डबी, बूड, बाजू आणि टिकलीभोवतीची कडसुद्धा निगेटिव्ह. हे लोकांना माहीत नसतं. टिकली आणि कड यांच्यात काही मिलिमीटरचंच अंतर, वर एक चकती आणि फुग्याच्या रबरासारखं पातळ वेष्टन. कडेजवळ नखाएवढं वेष्टन सोललं आणि तिथं किल्ली, नाणं किंवा यंत्राचीच पट्टी टेकली की थेट शॉर्ट.

आणि आतलं? अळूवडीचा उंडा डोळ्यांपुढे आण. पानाऐवजी धातूच्या पट्ट्या, पिठाऐवजी केसाहून बारीक पडदा, सगळं घट्ट गुंडाळून डबीत बसवलेलं. डबीला पोचा पडला की आतला पडदा दुमडतो, कधी फाटतो. दोन थर एकमेकांना भिडले की तिथं उष्णता, उष्णतेनं आणखी पडदा वितळतो, आणि मग ते कुणाच्या हातात राहत नाही. हे लगेचच होतं असंही नाही. आज चांगला दिसलेला सेल पुढच्या चार्जिंगला दगा देऊ शकतो.

तर सेल उजेडात धरून बघ. वेष्टन फाटलंय? पोचा आहे? बूड सपाट आहे? यातलं एकही असेल तर तो सेल संपला. चार्ज करायचा नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव, मातीच्या गाडग्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेव आणि गाडगं गच्चीवर, कपड्यांच्या दोरीपासून लांब. स्टीलचा डबा नको, धातू आहे. फ्रीज नको, आत दव धरतं. पिंट्या, तुला भेटल्यावर वेगळं बोलतो.

आप्पा

*

उत्तर: व्हेप पडली (रसाबद्दल)
प्रेषक: ताई

बंड्या, आप्पांनी विजेचं सांगितलं, मी औषधांच्या दुकानात उभी असते म्हणून रसाचं सांगते. बॅग चिकट झाली हे तू इतक्या सहज लिहिलंस! त्यात निकोटिन आहे आणि ते कातडीतूनही आत जातं. इकडं ब्रिटनमधल्या नियमानं टाकी २ मिलीची आणि जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली, म्हणजे भरलेल्या टाकीत ४० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाचे हात बरबटले तर मळमळ, चक्कर. चिमुरड्याच्या तोंडात गेलं तर थेट दवाखाना. लग्नघर आहे, पोरं बॅगा उचकणारच, आणि तुझ्या त्या रसाला आंब्याचा वास येतो हे आम्ही सगळ्यांनी कोजागिरीला अनुभवलं आहे.

हातमोजे घाल, नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांध. साबणाच्या पाण्यानं दोनदा पूस. फडकं धुऊन वापरू नकोस, टाकून दे. काचेला तडा गेला असेल तर ती टाकी परत तोंडाला लावायची नाही, काचेचा कण दिसत नाही. आणि कुणी काही गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता बाटलीसकट डॉक्टरांकडे.

ताई

*

उत्तर: व्हेप पडली (कायद्याचं)
प्रेषक: सचिव

सर्व सभासदांस,

या लिस्टवर कोल्हापुरात कॉइल कुठे मिळेल अशी चर्चा करू नये ही विनंती. पिंटू, हे तुम्हांला उद्देशून आहे.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. निकोटिन असो वा नसो. अख्खी वस्तू असो वा तिचा एखादा भाग, म्हणजे सुट्या कॉइलसुद्धा त्यात आल्या. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास ३ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. नुसत्या साठवणुकीला ६ महिने किंवा ५० हजारांपर्यंत, किंवा दोन्ही. ओढण्याला वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, असं सांगून काही जण निर्धास्त असतात. पण बाहेरून देशात आणणं म्हणजेच आयात.

त्यामुळे बंडोपंत, तुम्ही आणलीत ती आयात झाली, परत न्याल ती निर्यात, आणि कुणाच्या हाती एसटीनं पुण्याला पाठवलीत तर वाहतूक. विमानाचं म्हणाल तर पोचा पडलेला लिथियमचा सेल हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही. कुरिअरचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका.

पुढच्या वर्षीच्या सहलीच्या माहितीपत्रकात हे ठळक टाकावं असा ठराव मी मांडणार आहे.

सचिव

*

उत्तर: व्हेप पडली
प्रेषक: पिंट्या

सॉरी सचिवसाहेब. मग सेल मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला तर? व्हिडिओत बघितलं होतं. सगळी पॉवर निघून जाते म्हणे.

*

उत्तर: व्हेप पडली
प्रेषक: आप्पा, कॉव्हेंट्री

निघत नाही. मिठानं आधी टिकली गंजते, वाट बंद होते, आणि आतला चार्ज तसाच राहतो. वरून सेल मेला असं वाटून माणूस निर्धास्त होतो. वाळू.

*

उत्तर: व्हेप पडली (शेवट)
प्रेषक: बंड्या
शुक्रवार, दुपार, इकडची

आप्पा, ताई, सचिवसाहेब, सगळ्यांचे आभार. बंदीचं मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे, बंदी आहे एवढं कुठंतरी ऐकलं होतं. ती मलाही लागू आहे असं वाटलं नव्हतं.

सेल तेव्हाच काढला. टिकलीजवळ वेष्टन नखाएवढं सोललेलं, बरोबर आप्पांनी लिहिलं तिथंच, आणि कडेला मुगाएवढा पोचा. यंत्रातली वरची पट्टी त्या सोललेल्या जागेला टेकत होती. म्हणून कोमट. टाकीची काच उभी तडकलेली. रस भाचीच्या अहेराच्या शालीपर्यंत पोचला होता. शाल गेली. नवी महाद्वार रोडवरून आणली आणि बिल कुणाला दाखवलेलं नाही.

मग वाळू. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथनं ओंजळभर आणली आणि तव्यावर भाजून कोरडी केली. गाडगं गंगावेशीत कुंभारगल्लीतनं. त्यात सेल, वर वाळू, आणि पोरांनी हात लावू नये म्हणून तोंडाला घरात सापडलेला फडका बांधून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलं. फडका लाल होता. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बुधवारी सकाळी शेजारच्या काकू पापड वाळत घालायला आल्या. गच्चीच्या कोपऱ्यात लाल फडक्याचं गाडगं, आणि घरात लग्न! पंधरा मिनिटांत अर्धी गल्ली वर. एक म्हणाली करणी, दुसरी म्हणाली नवऱ्याकडच्यांचं काम, तिसरी लिंबू आणायला खाली धावली. आईचा चेहरा पांढराफटक. भाची रडायला लागली. एक आजोबा काठीनं गाडगं फोडायला निघाले तेव्हा मी मधे पडलो. फुटून सेलवर काठी बसली असती तर खरंच करणी झाली असती.

सगळं सांगावं लागलं, गल्लीसमोर. आई एवढंच म्हणाली, "मेल्या, व्यसनच होय? मला वाटलं कुणी काय केलं." दादा मात्र बराच वेळ गप्प बसले. तळहातावर तंबाखू मळत त्यांनी विचारलं, "ह्यात जाळ न्हाई, तंबाखूबी न्हाई. मग ओढतोस काय रं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गाडगं काल शिवाजी उद्यमनगरात नेलं. शाळेतला एक दोस्त तिथं इलेक्ट्रिक स्कूटरचे बॅटरी पॅक दुरुस्त करतो. त्यानं मीटर लावला, ३.९ व्होल्ट. मी म्हटलं, म्हणजे चांगला आहे की. तो म्हणाला, "भावा, मीटर बाहेरचं सांगतंय. आतलं पोट दिसत न्हाय." त्याच्याकडं असे गेलेले सेल वाळूच्या पेटीत साठवतात, पुनर्वापरवाल्याची गाडी ते घेऊन जाते. घंटागाडीत टाकला असता तर कचरा दाबताना पेटला असता, म्हणाला. बिनसेलचं यंत्र मी तिथंच पान्यानं उघडलं. पिन वाकडी होती, सरळ झालीही असती. उघडंच त्याच्याकडं ई-कचऱ्यात देऊन आलो.

तीन दिवस झाले नाही ओढली. चिडचिड होते, पण लग्नघरात सगळेच चिडलेले असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हळद उद्या आहे.

मावशी, आईला आता सगळं माहीत आहेच. तरी सांगतो, गच्चीवरून खाली आल्यावर तिनं मोबाईल उघडून माझाच मंगळवारचा मेल मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'फॉरवर्ड करू नकोस' ही ओळ दोनदा.

बंड्या