मध्यरात्री सह्याद्रीवर राग मालकंस का नाही?

जवारीदार: मागणी साधी आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर रोज रात्री बाराला एक अख्खी मैफल लावा. संथ विलंबितापासून जलद द्रुतापर्यंत, मध्ये निवेदन नको, कात्री नको. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद झाले. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा, लोक सतरंजीवर पेंगत का होईना, पहाटेचा राग ललित ऐकून घरी जायचे. आता दरबारी, मालकंस, अडाणा हे रात्रीचे राग घाईघाईने उरकतात नाहीतर अवेळी गातात. टीव्हीला कुठे भोंगा लागतो?

रिमोट माझ्याकडे: वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, तेवढी दुरुस्ती करा. बाकी, रात्री बाराला टीव्ही लावणार कोण? प्रसार भारतीच्या संग्रहातल्या कितीतरी मैफली यूट्यूबवर आहेत. तुम्ही बाराला लावा, मी ऑफिसला जाताना लोकलमध्ये ऐकतो. राग तोच, फुकट, आणि आवडलं नाही तर पुढे सरकवता येतो.

जवारीदार: ते सरकवणंच नडतं हो! पहिली पंधरा मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटतं, तेव्हाच राग उभा राहत असतो. आमच्या लहानपणी एकच वाहिनी होती. पुढच्या मालिकेची वाट बघत बसलो आणि समोर जे गात होते ते कानात शिरलं. मी काही मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो.

रिमोट माझ्याकडे: तुमच्या कानात शिरलं, आमच्या घरी त्याच वेळेला कुकर लागायचा. आणि सक्तीने कान तयार होत नाहीत, हा प्रयोग आधीच झालाय. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली, रागदारी वाढली. श्रोते काय करते झाले? श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनला गेले, फिल्मी गाण्यांची बिनाका गीतमाला ऐकायला. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच फिल्मी गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली.

गमक: केसकरांचं अर्धंच सांगितलंत. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच काळात, १९५२ मध्येच सुरू झाला. लहान गावात, जिथे मैफल व्हायचीच नाही, तिथे मोठे गवई पोचले ते त्यातून. फिल्मी गाणी आटवणं चूक होतं. शास्त्रीय लावणं नव्हे. मात्र मैफलीपेक्षा माझं भांडण माहितीपटांशी आहे. बुवा आलापी सुरू करतात, षड्ज, म्हणजे 'सा', लागतो न लागतो तोच निवेदक म्हणतो, "यांचा जन्म एका सांगीतिक घराण्यात झाला..." मग हार-तुरे, पुरस्कार, शिष्यांचे गहिवर. अर्ध्या तासात गाणं जेमतेम चार मिनिटं!

जवारीदार: अगदी. दिग्दर्शक मणी कौलांचा ठुमरी गायिका सिद्धेश्वरीदेवींवरचा 'सिद्धेश्वरी' (१९८९) बघा. जन्म-मृत्यूची जंत्री नाही, बनारस आहे, नदी आहे, ठुमरी आहे.

रिमोट माझ्याकडे: बघितला. सिद्धेश्वरीदेवी कोण हे आधी माहीत नसेल तर डोक्यावरून जातो. नवख्या माणसाला जन्म, गुरू, घराणं सांगायलाच हवं, त्यात लाजण्यासारखं काय?

खर्ज: माफ करा, मध्येच बोलतो. मला मैफलींच्या चित्रीकरणाचाच राग येतो. गवई समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, झेपावतोय आणि कॅमेरा कुठे, तर प्रेक्षकांतल्या शालीवर. तबलजीची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, चालू असताना पडद्यावर तंबोऱ्याची खुंटी. ज्याला ताल मोजता येतो अशा एकाला तरी कॅमेऱ्याची दृश्यं निवडतात त्या खोलीत बसवा, मग मैफल बाराला लावायची की चारला ते ठरवा.

गमक: +१. तो शालीचा शॉट हटकून असतो!

रिमोट माझ्याकडे: शालीवर एकमत. पण बाराला मालकंस लागलाच, तर आवाज बेताचा ठेवा. खालच्या मजल्यावर मी राहतो असं समजा.