'फर्टिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

तासगावकर: अर्थशास्त्राच्या पोरांसाठी एका प्रकरणाचं मराठी करतोय. घरात मुलं किती, एकेकावर पैसा किती आणि पुढं त्यांची तब्येत-शिक्षण कसं निघतं, असा विषय. पहिल्याच ओळीत 'फर्टिलिटी'. मोबाईलनं 'सुपीकता' काढून दिलं. सुपीक असतं ते कृष्णाकाठचं रान, बाई नव्हे. 'जननक्षमता' चालेल?

सातारी: डॉक्टरी लेखात चालेल, इथं नको. क्षमता म्हणजे मूल होऊ शकणं. हे लोक मोजतात ती झालेली मुलं. दोनांवर थांबलेल्या बाईची क्षमता कुठं गेलेली नसते. 'जननदर' लिहा. पेपरवाले त्याचा 'जन्मदर' करून टाकतात, ते वेगळं. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागं वर्षात किती जन्म. एकूण जननदर म्हणजे आजच्याच वेगानं मुलं होत राहिली तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती होतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्राचा 1.7 आला.

तासगावकर: जननदर पक्का. पुढची अडचण. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरच्या 1960 च्या लेखात मुलांची 'क्वांटिटी' आणि 'क्वालिटी' आहे. संख्या आणि गुणवत्ता म्हणू? आमच्या बागेत यालाच विरळणी म्हणतात. घडातले मणी कात्रीनं कमी केले की उरलेले फुगतात. हा शब्द पोरांना लगेच कळेल.

मिरजवाली: 'गुणवत्ता' म्हटलं की बोर्डाची यादी डोळ्यांपुढं येते. बेकरनं त्याच लेखात सांगून ठेवलंय की 'क्वालिटी' म्हणजे ज्याच्यावर जास्त खर्च केला ते मूल, नीतीनं चांगलं असं नव्हे. मग सरळ 'दर मुलामागचा खर्च' म्हणा. लांब होतं, होऊ दे. 1973 मध्ये त्यानं लुइस या अर्थशास्त्रज्ञाबरोबर मांडलेलं गणितही मग आपोआप उलगडतं. एकाला चांगल्या क्लासला घातलं की तिघांनाही घालावं लागतं, म्हणून क्लासचा बेत असेल तर तिसरं मूल महाग पडतं. आणि तिघं असतील तर क्लास महाग पडतो.

'विरळणी' मात्र काढा ओ. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं नऊशेसुद्धा मुली नव्हत्या. कुठले मणी कातरले ते आपल्याला ठाऊक आहे.

तासगावकर: काढली. हे डोक्यातच आलं नव्हतं.

सातारी: 'स्पेसिंग' येईल तिथं 'पाळणा लांबवणे' टाका, आयतं आहे. आमच्या जिल्हा परिषदेनं 2007 मध्ये योजना काढली होती. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5000, तीन वर्षं लांबवलं तर 7500 रुपये. घरात शब्द असताना योजनेचं नाव काय, तर 'सेकंड हनीमून पॅकेज'!

माणदेशी: 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीतलं 'अनवाँटेड गर्ल्स' तुमच्या प्रकरणात आहे का? पंचवीस वर्षांपर्यंतच्या अशा मुली देशात 2.1 कोटी, असा अंदाज होता तो. मुलगा होईतो पाळणा हलत राहतो, त्यात झालेल्या मुली. घरातलं शेवटचं मूल मुलगा आहे की मुलगी, यावरून तो काढला. साताऱ्याकडं तयार शब्द आहे : नकुशा, म्हणजे नको असलेली.

सातारी: तो शब्द नाही, नाव आहे. 2011 च्या ऑक्टोबरात इथं कार्यक्रम घेऊन 285 मुलींची ती नावं बदलली. त्याला परत परिभाषेत आणून बसवायचं?

माणदेशी: माझी चुलती नकुसा आहे. रेशनकार्डावर तेच नाव. बदलू म्हटलं तर म्हणाली, सही करायला शिकले ती याच नावाची, आता दुसरी कुठं गिरवू. म्हणून म्हणतो, लपवू नका.

तासगावकर: मजकुरात 'मुलाची वाट बघताना झालेल्या मुली' असं लिहितो. नकुसा हे नाव तळटीपेत देतो, कुठून आलं त्यासह. चालेल?

माणदेशी: चालेल. चुलतीला वाचून दाखवलं. म्हणाली, बरोबर लिवलंय, पण माझ्या पाठीवर अजून दोघी झाल्या, मग भाऊ.