शनिवारची फायनल: मुंबई सिटी की मोहन बागान? माझं मत मुंबई, आणि सगळं एका पट्ट्यावर ठरणार

निळी अंधेरी (गुरुवार, २ मे २०२४)

परवा, ४ मेला संध्याकाळी साडेसातला कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलची, फायनल. ऑफिसात, लोकलमध्ये, जिथे विषय निघेल तिथे एकच वाक्य कानावर येतंय: "१५ एप्रिलला बघितलं ना काय झालं ते?" बघितलं. लीग शील्डसाठी (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ट्रॉफी) आपल्याला नुसती बरोबरी पुरत होती. आपले, मुंबईचे ४७ गुण, बागानचे ४५. साठ हजारांवर माणसांसमोर आपण २-१ हरलो, त्यांचे ४८ झाले आणि शील्ड गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तरी मी म्हणतो, शनिवारी मुंबई जिंकणार. का, ते सांगतो.

बागानचा प्रशिक्षक हबास मागे तिघांना ठेवतो: अन्वर अली, युस्ते आणि डावीकडे सुभाशीष बोस. दोन्ही कडांना मनवीर सिंग आणि लिस्टन कुलासो. हे दोघं मुळात हल्ला करणारे खेळाडू, आता त्यांना अख्खी बाजू वर-खाली राखायला लावली आहे. लिस्टन वर गेला की त्याच्या पाठीमागे, सुभाशीष आणि कडेची रेघ यांच्यामध्ये, एक लांबलचक पट्टा उघडा पडतो. आपला विंगर छांगते नेमका त्याच बाजूला असतो. उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांत मिळून त्याने गोव्यावर तीन गोल केलेत. त्याला धावायला जागा मिळाली की काय होतं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. माझ्या लेखी सामना तिथेच आहे. बाकी मैदानावर दोन्ही संघ उन्नीस-बीस.

ज्यांना पटत नसेल त्यांनी मुद्द्यावर बोला.

गरियाहाटकर

मुद्द्यावरच बोलतो. बावीस वर्षं कोलकात्यात काढली, मराठी असून बागानचा झालोय, तेव्हा माझी बाजू कोणती ते आधीच सांगितलेलं बरं.

पट्टा तू बरोबर ओळखलास, पण तो हबासला दिसत नाही असं धरून चाललायस. १५ एप्रिलला छांगतेचा गोल कधी आला? ८९व्या मिनिटाला. तोवर आम्ही दोन गोल करून बसलो होतो. मैदानात होतो म्हणून सांगतो, छांगतेकडे चेंडू गेला की लिस्टन आधी मागे पळायचा, सुभाशीष बाहेर सरकायचा आणि मधल्या फळीतला कौको आतली वाट अडवायचा. एकाला तिघं. सुभाशीष मूळचा लेफ्ट बॅकच आहे, तो पट्टा त्याच्या घरचा आहे.

दुसरं म्हणजे, डिसेंबरात अंधेरीत तुम्ही आम्हाला २-१ हरवलंत, सात लाल कार्डं निघाली तो सामना. त्यात तुमचा बरोबरीचा गोल ग्रेग स्टुअर्टचा होता. तो जानेवारीत सोडून गेला. आमच्याकडे मात्र त्याच जानेवारीत हबास आला. डिसेंबरातला बागान आणि आजचा बागान हे दोन वेगळे संघ आहेत.

आणि हबास म्हणजे कोण? २०१४ आणि २०१९-२०, दोनदा ही ट्रॉफी जिंकलेला माणूस. भुवनेश्वरला ओडिशाकडून २-१ हरलो तेव्हा सगळे म्हणाले, संपलं. २८ एप्रिलला इथे २-० करून आलो. समोर ओडिशाचा प्रशिक्षक लोबेरा होता, ज्याने तुम्हाला २०२१ मध्ये शील्ड आणि कप दोन्ही मिळवून दिले. त्यालाही सॉल्ट लेकवर उत्तर सापडलं नाही.

निळी अंधेरी

दादा, हबासचा विषय काढलातच, तर २०२१ची फायनलही आठवा. १३ मार्च, गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. त्या बाकावरही हबासच होता. डेव्हिड विल्यम्सने तुम्हाला पुढे नेलं, मग तेव्हा तुमच्याकडे असलेल्या तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. पहिल्या अर्धात आमचा अमेय रानवडे टक्कर होऊन कोसळला, अँब्युलन्स आत आली, घरी आई देवापुढे जाऊन बसली. आणि ९०व्या मिनिटाला बिपिन. २-१.

तो तिरी आज आमच्या बचावात उभा आहे. तुमचा संघ आतून ओळखणारा माणूस.

सॉल्ट लेकची भीती घालू नका. जानेवारी २०२३ मध्ये तिथेच आम्ही १-० जिंकलो आणि गोल छांगतेचा होता. १५ एप्रिलच्या आधी आयएसएलमध्ये तुम्ही आम्हाला एकदाही हरवलं नव्हतं. ५-१सुद्धा खाल्लेत. एका रात्रीवरून सगळा हिशेब उलटा होत नाही.

गरियाहाटकर

५-१ रिकाम्या स्टेडियममध्ये झालं होतं, करोनाच्या काळात, गोव्यात. रिकाम्या खुर्च्यांसमोरचा बागान आणि इथला बागान यांची तुलनाच होत नाही. शनिवारी दुपारी तीनपासून आमच्या गल्लीतून सबुज-मेरून झेंडे निघतील. शेजारच्या दासबाबूंनी कोळणीला आत्तापासून सांगून ठेवलंय, रविवारी चिंगडी बाजूला ठेव म्हणून. बागान जिंकला की घरात कोळंबी शिजते, हा इथला कुळाचार आहे.

मडगावकर

मी एफसी गोवाचा. तुमच्या दोघांच्या भांडणात पडायला नको होतं, पण २४ एप्रिलला, मुंबईविरुद्धच्या आमच्या पहिल्या उपांत्य सामन्याला, मी फातोर्ड्यात होतो, आणि त्या सामन्यावरून जो निष्कर्ष काढला जातोय तो मला मान्य नाही.

८९व्या मिनिटापर्यंत आम्ही २-० पुढे होतो. बोरिसचा गोल, मग ब्रँडनचा. स्टँडमध्ये लोकांनी मोबाइलचे दिवे लावले होते. माझ्या पुढच्या रांगेतला एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागला होता, पार्किंगमधून गाडी लवकर काढायची म्हणून. ९०व्या मिनिटाला छांगते. तो बाप जिन्यात थांबला. पुढच्याच मिनिटाला विक्रम, २-२. मुलगा खांद्यावरून खाली. ९६व्या मिनिटाला परत छांगते. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. इतकी माणसं एकत्र गप्प झालेली मी फातोर्ड्यात कधी ऐकली नव्हती.

आता मुद्दा. ते तीन गोल मुंबईच्या डावपेचांचे नव्हते, आमच्या पायांचे होते. पाऊण सामना आम्ही जीव तोडून त्यांच्या मागे पळलो आणि शेवटी पाय संपले. मुंबईचं खरं बळ इथेच आहे: चेंडू ठेवणं. मधल्या फळीतले व्हान निफ, अपुइया, नोगेरा हे समोरच्याला नुसतं पळवत ठेवतात. छांगते नंतर येतो, जेव्हा समोरचा बॅक वाकून गुडघ्यावर हात ठेवायला लागतो. म्हणजे पट्टा पहिल्या मिनिटापासून उघडा नसतो, तो सत्तर-पंचाहत्तर मिनिटांनी उघडतो.

आणि तुम्ही सगळे लिस्टनकडे भोक म्हणून बघताय. तो आमच्या दवर्लीचा पोर. १५ एप्रिलला पहिला गोल कुणी केला? डावीकडून आत शिरून, उजव्या पायाने, त्यानेच. पट्टा दोन्हीकडून वाहतो.

पेठेतला राइट बॅक (कोल्हापूर)

मडगावकर भाऊ लाखातलं बोलले. मी स्वतः राइट बॅकला खेळतो, शाहू स्टेडियमच्या मातीत गुडघे फोडून घेतलेत, म्हणून माझ्या जागेवरून सांगतो.

सगळे छांगते-छांगते करतायत. त्याच्या मागे कोण आहे? कप्तान राहुल भेके. आपला मुंबईचा गडी. लिस्टन त्याच्यासमोर येणार. डावीकडे खेळणारा पण उजव्या पायाचा विंगर अंगावर आला की बॅकचं काम एकच: अंग तिरकं ठेवायचं, आतली वाट बंद, बाहेरची उघडी. त्याला डाव्या पायाने क्रॉस मारायला लावायचं. हे करायला बॅकला मागे थांबावं लागतं. पुढं पळालास आणि चेंडू हुकला, की परत येईपर्यंत तो आत वळलेला असतो. आमच्याकडं लीगमध्ये मी दोनदा असा फसलोय. गोल झाल्यावर अख्खा स्टँड आपल्याकडंच बघत असतो, ती नजर लई दिवस जात नाही.

आता अंधेरीवाल्या भावा, तूच सांग. भेके लिस्टनसाठी मागे थांबला, तर छांगतेच्या बाहेरून पळणारं कुणी उरत नाही. मग तो एकटा, समोर लिस्टन, सुभाशीष, कौको. गरियाहाटकर म्हणतात ते एकाला तिघं तिथूनच येतं. आणि भेके वर गेला तर लिस्टनला रान मोकळं. दोन्ही एकदम कसं जमणार? कागदावर मला बागान थोडा जड वाटतो तो याचसाठी.

कूपरेज पूर्व बाजू

माझं वय झालं, डावपेचांचं मला फार कळत नाही असं मुळीच नाही, पण मी दुसरं सांगणार आहे. मोहन बागान मुंबईत चौदा वेळा रोव्हर्स कप जिंकून गेला. आम्ही कूपरेजवर तिकीट काढून त्यांना बघायला जायचो, मफतलाल, ओर्के मिल्स यांच्याकडून खेळणारी पोरं त्यांच्याशी भिडायची, आणि बहुतेकदा आम्ही मान खाली घालून चर्चगेटला चालत यायचो. ते १८८९ सालचे, १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवलेले. त्यांच्या घरात, भरल्या मैदानात, मुंबईच्या संघाने कप उचलला तर मला जे वाटेल ते ह्या मुलांना कळायचं नाही. म्हणून मी मुंबईच्या बाजूने आहे. बाकी पट्टा वगैरे तुमचं चालू द्या.

गरियाहाटकर

काका, नमस्कार. तुमच्या पोस्टला विरोध करवत नाही.

मडगावकरांच्या पायांच्या मुद्द्यावर मात्र बोलायचं आहे. परवा, ३० एप्रिलला इथे पारा ४३ अंशांवर होता. संध्याकाळी साडेसातलाही भिंती हाताला गरम लागतात. अशा हवेत पाय दोघांचेही संपणार. आम्ही सगळा महिना याच हवेत सराव केलाय, तुम्ही आदल्या दिवशी उतरणार.

मडगावकर

संपणार दोघांचेही, पण आधी त्याचे, जो चेंडूच्या मागे पळतो. ४३ अंशांच्या शहरात चेंडू ठेवणाऱ्या संघाला फायदा. ही हवा मला मुंबईच्या बाजूची वाटते. आणि मला मुंबई जिंकायला नको आहे, हे लक्षात घ्या. ज्या भेकेचं तुम्ही कौतुक करताय, त्यानेच २०१९च्या फायनलमध्ये, अंधेरीत, बेंगळुरूकडून ११७व्या मिनिटाला डोकं घालून आमचा कप नेला. कॉर्नर उडाला की तो कुठून येतो ते आमच्या लक्षातच येत नाही. लिस्टनची काळजी करता करता बागानवाल्यांनो, कॉर्नरला भेकेला सोडू नका.

निळी अंधेरी

राइट बॅक भाऊच्या प्रश्नावर मी दोन तास घालवले. १५ एप्रिलचा सामना परत लावून फक्त ती बाजू पाहिली. तुमचं खरं आहे. माझं पहिलं मत मी बदलतो: छांगतेला सुरुवातीपासून पट्टा मिळणार नाही.

पण "दोन्ही एकदम जमणार नाही" हे मला मान्य नाही. एकदम करायचंच नाही. पहिला तासभर भेकेने हलूच नये, लिस्टनला बाहेर ढकलत राहावं, अपुइयाने उजवीकडे झुकून त्याची आतली वाट राखावी. छांगतेने तेवढा वेळ उपाशी राहावं. हल्ला डावीकडून, बिपिनच्या बाजूने, मनवीरला मागे खेचत. लिस्टनचे पाय जड झाले की मग भेके वर. चुकीचं वाटतं का?

पेठेतला राइट बॅक

बरोबर वाटतंय, पण एक अट. तोवर स्कोअर हाताबाहेर जाता कामा नये. बागानने पहिल्या अर्धात दोन केले तर तुमच्या बॅकला थांबायला कोण देणार? स्टँडमधूनच आरडाओरड सुरू होईल, वर जा, वर जा. आणि बागानच्या पेत्रातोसच्या फ्रीकिकला मैदानात कुठूनही किंमत असते. म्हणून म्हणतो, मुंबईने बॉक्सच्या आसपास फाउल करू नये. एकच गोल खाल्ला तर चालतो, धीर धरता येतो. माझा अंदाज: नव्वद मिनिटांत १-१, पुढं जादा वेळेत जो चेंडू ठेवील तो.

गरियाहाटकर

माझा अंदाज बागान २-१, कमिंग्स आणि सहल. आणि अंधेरीवाल्या, तू येतोयस का? तिकीट मिळालं का?

निळी अंधेरी

मिळालं. उद्या सकाळी गीतांजलीने निघतोय, शनिवारी दुपारी हावडा. अंदाज मुंबई २-१, दोन्ही गोल ७०व्या मिनिटानंतर. बसायची जागा मी मुद्दाम पाहून घेतली आहे, मुंबईची उजवी बाजू दुसऱ्या अर्धात माझ्या समोर येईल अशी.

गरियाहाटकर

मग नीट ऐक. हावड्याहून मेट्रो घे, गंगेखालून एस्प्लनेडला येशील. तिथून सियालदहपर्यंतची मेट्रो अजून जोडलेली नाही, बसने जा. सियालदहला परत मेट्रो, आणि स्टेडियमच्या नावाचंच स्टेशन आहे, तिथे उतर. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, बाहेरच पोटभर पिऊन घे. निळा शर्ट बॅगेत ठेव, आत गेल्यावर घाल. सामना कुणीही जिंको, रात्री जेवायला घरी यायचं. नंबर पाठवतो.