पाच दिवस पाँडिचेरीत राहून जिंजी न पाहणे: निवांतपणा की आळस?

तटबंदी (धागाकर्ता)

परवा येथे एका सभासद ताईंनी आपल्या सहलीविषयी लिहिले, त्याचा मथितार्थ असा की जानेवारीत पती-पत्नी पाच दिवस पाँडिचेरीला राहिले, सकाळी समुद्रासमोर कॉफी प्यायले, दुपारी झोपले, संध्याकाळी फिरले, मुद्दाम म्हणून काहीही पाहिले नाही आणि लग्नानंतरच्या एकतीस वर्षांतली ही त्यांची सर्वांत चांगली सहल ठरली. त्याखाली कौतुकाचा जो पूर आला आहे, त्यात माझा प्रतिसाद वाहून जाईल म्हणून हा स्वतंत्र धागा.

विश्रांतीला माझा विरोध नाही. मात्र काही न पाहिल्याचा अभिमान बाळगणे मला समजत नाही. पाँडिचेरीपासून जिंजी साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. शिवछत्रपतींनी १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात घेतलेला, आणि रायगड पडल्यावर छत्रपती राजाराम महाराजांनी जिथून स्वराज्याचा कारभार चालवला तो हा किल्ला. १६९० पासून आठ वर्षे औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान त्याला वेढा घालून बसला होता. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आपले जे बारा किल्ले गेले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव. एवढ्या जवळ जाऊन मराठी माणसाने पाच दुपारी झोपेत घालवाव्यात आणि वर ते लिहून टाळ्या घ्याव्यात, याला काय म्हणावे? झोपच काढायची होती, तर दादरहून चालुक्य एक्स्प्रेसने दोन रात्री हाल सोसत जाण्याचे कारण काय होते? ती घरी पंख्याखालीही लागते.

उनाड दुपार

तटबंदीसाहेब, ती सभासद ताई मीच. माझे नाव न घेता मला फैलावर घेतलेत, याबद्दल आभार.

आमच्या आधीच्या सहली कशा झाल्या ते मी लिहिले नव्हते, आता लिहिते. यजमानांची नोकरी बदलीची होती, त्यामुळे वर्षातून एकदा मिळणारी रजा आम्ही यात्रा कंपनीच्या बसमध्ये घालवत असू. बस थांबली की शिट्टी वाजायची, "वीस मिनिटे" असे सांगितले जायचे आणि त्यांतली बारा मिनिटे प्रसाधनगृहाच्या रांगेत जायची. कन्याकुमारीचा सूर्योदय मी त्याच रांगेतून पाहिला आहे. सहलीवरून परतल्यावर छायाचित्रे बघून आम्ही एकमेकांना विचारत असू की हे देऊळ नेमके कोणत्या गावचे. मुले मार्गी लागली, हे निवृत्त झाले, आणि यंदा आम्ही ठरवले की एकच गाव, एकच खोली आणि हातात यादी नाही.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट सांगते. आम्ही दोघेही कोकणातले, समुद्र म्हटला की सूर्य त्यात बुडणार हे गृहीतच. किनाऱ्यावरच्या कठड्यावर बसून आम्ही अर्धा तास सूर्यास्ताची वाट पाहिली. समोर सगळे राखाडी होत चालले, पण सूर्याचा पत्ता नाही. शेवटी हे मागे वळले, तर सूर्य आमच्या पाठीमागे, गावातल्या घरांच्या आड केव्हाच गेला होता. पूर्व किनाऱ्यावर आपण पूर्वेकडे तोंड करून बसलो आहोत, हे दोन पदवीधरांच्या लक्षात आले नाही. आम्ही इतके हसलो की शेजारचा शेंगदाणेवालाही हसू लागला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाला जाऊ लागलो. संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसातपर्यंत त्या रस्त्यावर वाहनांना बंदी असते, त्यामुळे समुद्रातून वर येणारा सूर्य आणि चालणाऱ्यांच्या चपलांचा आवाज याखेरीज तिथे काही नसते. हे आम्ही सलग चार दिवस पाहिले. तुमच्या मते ते पाहण्यात धरले जाते का, ते कळवावे.

सोलकढी

सूर्य आणि समुद्रच हवा होता, तर कोकण काय वाईट आहे? हजार कोस जाऊन इडली खायची, आणि आमच्याकडे मात्र सुट्टीत मोटारी घेऊन गोंधळ घालायला यायचे, ही पुणे-मुंबईकरांची रीतच झाली आहे. माझ्या घराच्या अंगणात गेल्या नाताळात एका कुटुंबाने न विचारता गाडी लावली होती. असो, विषय वेगळा आहे.

रेतीमोजणी

विषय वेगळा नाही, कारण ज्याला सगळे किनारा म्हणत आहेत तो किनारा नव्हेच. जिथे या ताई कठड्यावर बसल्या होत्या, तिथे एकेकाळी रुंद पुळण होती. पूर्व किनाऱ्यावर लाटा वर्षातला बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतात. शहराच्या दक्षिणेला गेल्या शतकाच्या अखेरीस बंदरासाठी समुद्रात बांध घातले गेले, वाळू त्यांच्या दक्षिण बाजूला अडकून साचली आणि उत्तरेचा किनारा उपाशी राहिला. मग गाव वाचवण्यासाठी काळे दगड टाकावे लागले, आणि त्या दगडांच्या पुढे समुद्राने उत्तरेकडच्या कोळीवाड्यांची जमीन खायला सुरुवात केली. अलीकडे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली अडथळा उभारल्यावर गांधी पुतळ्याजवळ वाळूचा थोडा पट्टा परत आला आहे. पर्यटक त्यावर पाय पसरून "किती निसर्गरम्य" म्हणतात, तेव्हा मला त्या कोळीवाड्यांची आठवण येते. ज्यांना काही पाहायचे नाही, त्यांना हेही दिसत नाही.

उनाड दुपार

हे मला खरोखरच माहीत नव्हते आणि मी ते लक्षात ठेवीन. परंतु यादी घेऊन धावणाऱ्यांना तरी ते कुठे दिसते?

दोन दिवसांची रजा

माझा अनुभव ताईंच्या बाजूचा आहे. आम्ही दोघे बंगळूरला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार जोडून पाँडीला गेलो होतो. नवऱ्याने तासातासाचा तक्ता केला होता. पाँडीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीत पोहोचल्यावर कळले की तिथल्या मातृमंदिर या ध्यानाच्या वास्तूच्या आतल्या दालनासाठी आधी नोंदणी करावी लागते, म्हणून तो सोनेरी गोल लांबूनच पाहिला. मग पॅराडाईज किनाऱ्याच्या होडीच्या रांगेत दीड तास उन्हात उभे राहिलो आणि ती नोंदणी कोणी करायची होती यावर भांडलो. अरविंद आश्रमात समाधीजवळ मौन पाळायचे असते. दोन दिवसांतला शांततेचा वेळ तेवढाच.

तटबंदी

म्हणजे तक्ता चुकला, म्हणून पाहणेच चुकीचे? ताईंच्या सूर्योदयाबद्दल आदर आहे, पण तो हरिहरेश्वरचा डोंगर आड आला नाही तर कुठेही दिसतो. जिंजी मात्र जिंजीतच आहे. आठ वर्षे अखंड वेढा सोसलेल्या त्या तटांवर हात ठेवल्यावर काय वाटते, हे खोलीत झोपून कळणार नाही.

शंकासुर

दोन दुरुस्त्या. पहिली म्हणजे वेढा अखंड नव्हता. संताजी-धनाजींनी मोगलांची रसद इतकी तोडली की १६९३ च्या आरंभी झुल्फिकारखानाला वांदिवाशला माघार घ्यावी लागली, त्यानंतर तो पुन्हा आला आणि १६९८ मध्ये गड पडला तेव्हा राजाराम महाराज केव्हाच निसटले होते. इतिहासाचा दाखला देऊन लोकांची झोप काढायची असेल, तर तो नीट द्यावा. दुसरी दुरुस्ती ताईंना: काही न करण्याबद्दल एवढे विस्ताराने लिहिणे हेही एक काम आहे, त्यामुळे आपला निवांतपणा परतल्यावर मोडला असे मी समजतो.

तटबंदी

"अखंड" हा शब्द मागे घेतो. आठ वर्षांतले काही महिने वजा केले म्हणून किल्ला लहान होत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी निदान एकदा जिंजीचा राजगिरी चढून यावे आणि मग तारखा मोजाव्यात.

अड्यारचा मुक्कामी

मी चौदा वर्षे चेन्नईत आहे आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जिंजी दाखवण्याचे काम माझ्याकडे आपोआप आलेले आहे, तेव्हा राजगिरीबद्दल मला बोलू द्यावे.

जिंजी म्हणजे एक गड नव्हे, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना बांधणारी तटबंदी. राजगिरी सुमारे आठशे फूट उंच, दगड तापलेले, वाटेत सावली बेताची, आणि माकडे पाण्याची बाटली हातातून ओढून नेतात. एकदा मे महिन्यात माझे सख्खे मामा, वय अडुसष्ट, "महाराज राहिले तिथे मी चढणारच" म्हणून निघाले. दोन तृतीयांश वाटेवर त्यांना भोवळ आली. दोन स्थानिक मुलांनी आणि मी त्यांना उतरवले, संध्याकाळपर्यंत तिंडिवनमच्या एका दवाखान्यात सलाईन लावून बसलो, आणि शुद्धीवर आल्यावर मामांचा पहिला प्रश्न होता की वरचा दरवाजा किती राहिला होता. मामींनी मला आजतागायत क्षमा केलेली नाही.

तेव्हा पाँडिचेरीहून "जाता जाता" जिंजी करा असे कोणी सांगू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघावे, पूर्ण दिवस द्यावा, नाहीतर जाऊ नये.

आणखी एक बोलून टाकतो, कारण ते फार दिवस मनात आहे. तिथे गेल्यावर आपल्या मंडळींचा अपमान होतो. गावातल्या माणसाला जिंजीचा राजा कोण म्हणून विचारले, तर तो देसिंगु राजा म्हणतो. हा बुंदेला तेजसिंह, १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना विशीतच मारला गेला आणि तमिळ लोकगीतांत अमर झाला. त्यावर आमचे पाहुणे मराठीतून त्या माणसाला व्याख्यान देतात. मी मध्ये उभा. ज्या गावाने आपला एक तरुण राजा तीनशे वर्षे गाण्यात जपला, त्याला आपण आपला इतिहास विसरलास म्हणून का रागावतो, हे मला कोणी सांगेल का?

तटबंदी

म्हणजे मराठ्यांनी तिथे जाऊ नये, गेलो तर बोलू नये, आणि सगळ्यांनी पाँडिचेरीत कॉफी पीत बसावे, असा आपला निष्कर्ष दिसतो. मुक्कामीसाहेब, परप्रांतात फार वर्षे राहिले की माणूस तिथलाच होतो, एवढेच म्हणतो.

अड्यारचा मुक्कामी

तिथलाच होतो, हे अगदी खरे आहे. त्यात अपमान कोणता, तेवढे समजले नाही. आपल्या पुढच्या जिंजीवारीला गाडी आणि पाणी माझ्याकडून, व्याख्यान आपण द्यावे.

शंकासुर

एक साधा प्रश्न. हा धागा एका जोडप्याच्या सहलीबद्दल आहे. तटबंदी, आपण जिंजीला एकटे गेला होतात की वहिनीही होत्या? त्या किती चढल्या?

तटबंदी

होती. ती चढली नाही. तिचे गुडघे दुखतात. कल्याण महालाजवळ एका झाडाखाली तिला बसवून मी राजगिरी केला, मग कृष्णगिरीही केला. साडेपाच तास लागले. खाली आलो तेव्हा ती म्हणाली की जागा छान आहे, पण परत जाताना समुद्र लागेल का. तो लागला नाही, कारण आम्हाला तिरुवण्णामलैला मुक्कामी पोहोचायचे होते. यावरून कोणी काही निष्कर्ष काढू नये, ती माझ्या प्रत्येक सहलीला आनंदाने येते.

दोन दिवसांची रजा

निष्कर्ष काढत नाही. साडेपाच तास हा आकडा मात्र नवऱ्याला वाचून दाखवला.

उनाड दुपार

तटबंदीसाहेब, एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. पाँडिचेरीच्या किनाऱ्यावर गांधीजींचा पुतळा आहे, त्याच्याभोवती कोरीव दगडी खांब उभे आहेत. ते खांब जिंजीहून आणलेले आहेत, असे तिथे सांगतात. फ्रेंचांनी १७५० मध्ये जिंजी घेतली होती, त्यामुळे ते असंभव नाही. आम्ही रोज संध्याकाळी त्यांतल्याच एका खांबाच्या पायाशी बसत होतो. हे पाठ टेकून पेपर वाचत, मी लोकांकडे पाहत असे. म्हणजे आम्ही जिंजीला गेलो नाही हे खरे, पण तुमचा हात जिथे साडेपाच तासांनी पोहोचला, तिथे आमची पाठ रोज तासभर होती.

तटबंदी

किल्ल्यातून उचलून आणलेला खांब म्हणजे किल्ला नव्हे, आणि त्यावर पाठ टेकणे म्हणजे जिंजी पाहणे नव्हे. याबाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे.

ताई, आपली खोली समुद्रापासून किती अंतरावर होती आणि जिना किती पायऱ्यांचा होता, तेवढे व्यक्तिगत निरोपातून कळवावे. हे मी विचारत नाही, सौ. विचारते आहे.