मदत हवी आहे: अल्जीरियातल्या 'होगरा' या शब्दाला मराठीत काय म्हणावं?

अल्जीरियातल्या 2019च्या हिराक या सरकारविरोधी आंदोलनातल्या गाण्यांवर मराठीत लेख लिहितोय. फुटबॉलच्या स्टेडियममधलं 'ला कासा देल मुरादिया' हे गाणं मोर्चात कसं पोचलं, ते लिहून झालं. 'हित्तिस्त', म्हणजे भिंतीला टेकून दिवस काढणारी बेकार पोरं, यासाठी 'कट्ट्यावरची पोरं' चालवून घेतलंय (आपल्या कट्ट्यावर मजा जास्त असते, ते सोडा). अडलंय 'होगरा'वर: सत्तेच्या जोरावर दुबळ्याला तुच्छ लेखून चिरडणं, आणि त्याची दादही न लागणं. 'अन्याय' फार कोर्टातला वाटतो, 'अपमान' फार खासगी. 'मुजोरी' जवळ जातो, पण त्यात सोसणाऱ्याची बाजू येत नाही. मूळ शब्द ठेवून तळटीप संपादकांना नको आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी काहीही चालेल, पण विशीतल्या पोराच्या तोंडी शोभेल असा एखादा शब्द आहे का?