मदत हवी आहे: माल उतरवला की एअरशिप वर पळतं, उपाय काय?

ऐरोलीच्या शाळेत नववीच्या मुलांबरोबर विज्ञान प्रदर्शनासाठी मालवाहू एअरशिपचं, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजाचं, मॉडेल करतोय. रस्ते नसलेल्या भागांत अशी जहाजं पुन्हा कामाची ठरतील का, हा विषय. फॉइलचं आवरण, 0.6 घनमीटर हीलियम, म्हणजे एकूण उचल साधारण 600 ग्रॅम. हायड्रोजन अजिबात वापरायचा नाही.

100 ग्रॅमचं पाकीट हुकातून सुटलं की जहाज थेट छताला चिकटतं. बदल्यात वाळूची पिशवी अडकवली तर जमतं, पण दुर्गम गावात तेवढं वजन आधी कोण आणून ठेवणार? मुलांनाच ते पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पंखे उलटे फिरवून खाली दाबलं तर बॅटरी लगेच उतरते. एअरलँडर 10 या ब्रिटिश एअरशिपसारखं हवेपेक्षा किंचित जड ठेवूनही पाहिलं. त्याला वेगामुळे जास्तीची उचल मिळते, आमच्या सभागृहात तेवढा वेगच येत नाही. हीलियम महाग, त्यामुळे सोडून देणं परवडत नाही.

आता उरतं ते हीलियम आतल्या टाकीत दाबून भरणं. 100 ग्रॅम उचल कमी करायची म्हणजे साधारण 100 लिटर वायू. पंप, टाकी, बॅटरी मिळून 200 ग्रॅममध्ये हे कुणी केलंय का, की या आकारात वजनाचं गणित मुळातच बसत नाही?